आकडा नको, नाव सांगा : पलटणीतल्या घरांची गोष्ट

मंडळी, बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, निपाणी या पट्ट्यात कुठल्याही घरी सोयरिकीची बोलणी बसली की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "आमच्या घरात चार पिढ्या मिलिटरीत." सांगणाऱ्याचा आवाज जरा चढलेला असतो, आणि तो चढावाच. पण पुढं विचारून बघा. पहिल्या पिढीतल्या माणसाचं नाव काय? पलटण कुठली? कुठं लढला? तिथं गाडी अडते. "इंग्रजांच्या वेळी हुते ओ, जर्मनच्या लढाईला गेलेले," एवढंच उत्तर मिळतं. पहिल्या जर्मनच्या की दुसऱ्या, ते सांगणारंही आता घरात कुणी उरलेलं नसतं.

आज लिहायचं आहे ते याबद्दल. आपल्या लोकांनी अडीचशे वर्षं सैन्यात नोकरी केली. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं त्यांची मोजदाद झाली, पण त्यांची नावं मात्र सगळीकडं लिहिली गेली नाहीत. सरकारनं जे लिहिलं नाही ते घरानं तरी लिहून ठेवायला हवं.

आधी बेळगावचं सांगतो. कॅम्पातून जाताना ज्याला आपण नुसतं 'मराठा सेंटर' म्हणतो, ते मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथं १९२२ पासून आहे. पण पलटणी त्याच्या कितीतरी जुन्या. 'जंगी पलटण' म्हणजे आजची पहिली मराठा, १७६८ साली मुंबईत कंपनी सरकारनं उभी केली. 'काली पांचवी' म्हणजे दुसरी मराठा, तीही त्याच सुमाराची. १८४० मध्ये आजच्या बलुचिस्तानातल्या काहानच्या किल्ल्यात या काली पांचवीची माणसं वेढ्यात अडकली आणि महिनोन् महिने तग धरून राहिली. त्याबद्दल १८४१ मध्ये 'लाइट इन्फंट्री' हा किताब मिळाला. १९२२ मध्ये इंग्रजांनी सगळ्या हिंदी पलटणींची फेरमांडणी केली. तेव्हा १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पाच मराठा पलटणी एकत्र करून त्यांची पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. ११४ वी रंगरूट घडवणारी पलटण झाली आणि बेळगावला आली. तेव्हापासून कोकण, सातारा, कोल्हापूर आणि आपल्या भागातली पोरं इथल्याच मैदानावर पहिल्यांदा 'लेफ्ट-राइट' शिकली.

हे आकडे मुद्दाम दिले, कारण घरातला इतिहास हरवतो तो इथंच. पलटण तीच राहिली, नाव मात्र बदलत गेलं. आमच्याच घरचं उदाहरण देतो. घरातली नावं इथं लिहीत नाही, ती घरच्या वहीत लिहिली आहेत. आमचे पणजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ '११० व्या'त होते, आज्जा 'तीन-पाच'मध्ये होते आणि चुलते 'दोन पॅरा'त. लहानपणी आम्हा पोरांना वाटायचं, या तीन वेगवेगळ्या फौजा. पण पणजोबांच्या पदकाची कड भिंगाखाली धरली, आज्जांचं डिस्चार्ज बुक आणि काकांचे कागद शेजारी मांडले, तेव्हा उलगडा झाला. १७९७ साली उभी राहिलेली ती एकच पलटण. १९२२ पर्यंत ती ११० वी मराठा होती. मग ती पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली, म्हणजेच 'तीन-पाच'. पुढं ती छत्रीधारी झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये दुसरी बटालियन म्हणून गेली. घरातली तीन माणसं एकाच उंबऱ्यातून गेलेली, आणि घराला त्याचा पत्ता नव्हता!

आता या पलटणीच्या मागोमाग जाऊ.

पहिलं महायुद्ध. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला 'बसऱ्याची लढाई' म्हणत. आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या काठी, कुत-अल-अमारा नावाचं गाव आहे. डिसेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंडची फौज माघार घेत तिथं आली आणि तुर्कांनी तिला वेढा घातला. आत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजा नदीकाठच्या चिखलात हजारोंनी कापल्या गेल्या, पण कुतपर्यंत पोचू शकल्या नाहीत. आतलं धान्य सरत आलं, शिधा दर आठवड्याला कमी होत गेला, तोफखान्याची आणि रिसाल्याची जनावरं कापली जाऊ लागली. घोड्याचं मांस खायला आपले बरेच शिपाई तयार नव्हते. घरी तोंड कसं दाखवायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. २९ एप्रिल १९१६ ला कुतनं शरणागती पत्करली. सुमारे १३,००० माणसं कैद झाली. उपाशी, आजारी माणसांना वाळवंटातून पायी हाकत नेलं. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन भागात रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्यातले हजारो परत आले नाहीत.

आमचे पणजोबा आले. थोरले भाऊ आले नाहीत, ते बसऱ्याकडंच राहिले. पणजोबा लढाईबद्दल काही बोलायचे नाहीत म्हणे. पण आमच्या घरात एक रीत होती आणि ती आज्जीनं शेवटपर्यंत पाळली : पानात भाकरी वाढताना मोजायची नाही. "किती झाल्या?" असं कुणी विचारलं तर आज्जी म्हणायची, "मोजू नको बघ. मामंजींना खपायचं नाही ते." का खपायचं नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पुढं कुतचा इतिहास वाचताना शिधा तोळ्या-मासांत तोलून दिल्याची वर्णनं समोर आली तेव्हा त्या रीतीचा अर्थ लागला. आपल्याकडं युद्धाच्या आठवणी अशाच उरल्यात. पुस्तकात नाहीत, चुलीपाशी आहेत.

आणि थोरले पणजोबा? त्यांच्यासाठी इंग्रजांनी बसऱ्याला स्मारक बांधलं. बसरा मेमोरियल. ज्यांना कबर मिळाली नाही अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचं ते स्मारक. पुढं १९९७ मध्ये इराकी सरकारनं ते मूळ जागेवरून हलवून वाळवंटात नेलं. पण मुद्दा वेगळा आहे. त्या स्मारकाच्या पाट्यांवर इंग्रज शिपायांची नावं कोरली होती. हिंदी पलटणींमध्ये गोऱ्या आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं होती. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा : 'आणि इतर इतके हिंदी सैनिक.' नावं रजिस्टरात गेली, दगडावर चढली नाहीत. कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगानं २०२१ मध्ये स्वतःचाच अहवाल काढून हे कबूल केलं, की हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन मिळून निदान ४५,००० मृतांचं स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीनं झालं नव्हतं. आयोगानं त्याबद्दल माफीही मागितली. शंभर वर्षांनी.

आपल्या गावांतही तेच झालं. सातारा, रत्नागिरी भागातल्या कितीतरी गावांत देवळाजवळ किंवा चावडीवर संगमरवराची छोटी पाटी दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतकी माणसं गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बास. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला सगळे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, तिथले ४६ जण त्या युद्धात गेले. एका गावातले ४६! आज त्या गावात घरटी सैनिक आहे आणि गावाला त्याचा सार्थ अभिमान आहे. पण एका वेळी ४६ घरांत काय झालं असेल, ते त्या आकड्यातून कळत नाही. आकडा ना रडतो, ना कुणाला रडवतो.

दिल्लीचं इंडिया गेट हेही त्याच युद्धाचं स्मारक. १९२१ मध्ये पायाभरणी झाली आणि १९३१ मध्ये ते पुरं झालं. हिंदुस्थानचे ७०,००० हून अधिक जवान त्या महायुद्धात पडले. इंडिया गेटवर नावं आहेत ती १३,००० च्या आसपास, आणि त्यातही सरहद्दीवरच्या आणि अफगाण लढायांतले धरून. दिल्लीला गेलं की आपण तिथं फोटो काढतो. एकदा मान वर करून ती नावं वाचायचा प्रयत्न करा.

नाव कोरण्यात काय एवढं, असं वाटेल कुणाला. तर त्याच्याही शंभर वर्षं आधीचा एक दगड बघा. भीमा-कोरेगावचा स्तंभ. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूनं पडलेल्या शिपायांची नावं त्यावर कोरलेली आहेत. त्यात शेवटी 'नाक' लागलेली नावं पुष्कळ आहेत. ती महार शिपायांची. लढाई कुणाच्या बाजूची आणि तिचा अर्थ काय, यावर आजही वाद चालतो. पण एक गोष्ट वादापलीकडची आहे : त्या दगडावर नावं होती म्हणून एका अख्ख्या समाजाला पुढं सांगता आलं, की आम्ही होतो, आम्ही लढलो.

आणि हे सांगण्याची वेळ आली. १८९० नंतरच्या काही वर्षांत सरकारनं महारांची भरती बंद केली. पिढ्यान् पिढ्या पलटणीत काढलेल्या घरांचं दार एका हुकमानं बंद झालं. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ च्या सुमारास सरकारकडं अर्ज केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये पुन्हा केला. त्या अर्जांत आधार होता तो आज्या-पणज्यांच्या नोकरीचा. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. कायमची महार रेजिमेंट मिळाली ती १ ऑक्टोबर १९४१ ला, आणि तिची पहिली बटालियन उभी राहिली आपल्या बेळगावात. बेळगावच्या किती लोकांना हे ठाऊक आहे? रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभच होता.

इंदूर-महूकडच्या मंडळींना पलटणीतल्या घरांचं सगळ्यांत मोठं उदाहरण सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आजोबा मालोजी सकपाळ पलटणीत होते. वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक होते. आई भीमाबाई मुरबाडकर, त्यांच्या माहेरीही सुभेदार-मेजर. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या छावणीतला. त्या काळी गावात ज्या घरांना शाळेची पायरी बंद होती, त्या घरांत छावणीमुळं अक्षर शिरलं. बापानं मुलाला पहाटे उठवून अभ्यासाला बसवलं, ती शिस्त पलटणीची. म्हणजे तीन पिढ्यांची सैनिकी नोकरी मोजायची ती नुसती पदकांत मोजून चालणार नाही. घरात पाटी-पेन्सिल कधी आली, तेही बघायला हवं. आमच्याही घरात पहिली सही करणारा माणूस पणजोबाच. त्याआधी सगळे अंगठे.

आता आमच्या आज्जांच्या पिढीकडं येतो. 'तीन-पाच' पलटण १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर इटालियन फौजेशी लढली. तिथून फिरत फिरत इटलीत पोचली. १० जुलै १९४४ ला तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात याच पलटणीच्या एका सेक्शनवर मशीनगनचा मारा झाला. सेक्शन कमांडर होते नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, वय २२. त्यांच्याबरोबरची सगळी माणसं पडली. ते एकटेच मशीनगनवर धावून गेले. बॉम्ब टाकून गन बंद पाडली, उरलेल्यांतला एक गोळीनं मारला आणि पुन्हा काडतुसं भरायला वेळ नाही म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. लगेच लपलेल्या शत्रूच्या गोळ्या लागून ते स्वतः गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो घ्यायला गेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई.

पुढच्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ ला, सेनियो नदीवर पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. जखमी झालेल्या दोन सोबत्यांना त्यांनी खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून मागं आणलं. मग परत जाऊन तीन मशीनगन चौक्या गप्प केल्या. हाताला जखम, टॉमीगन धरता येईना, तेव्हा नुसते हातबॉम्ब टाकले. आणि बांधावर उभं राहून शिवछत्रपतींच्या नावाची आरोळी ठोकून बाकीच्या कंपन्यांना पुढं बोलावलं. ते व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन घरी आले आणि १९८४ पर्यंत जगले.

इथं एक फरक लक्षात घ्या. घाडग्यांना कबर मिळाली नाही. पण इटलीतल्या कसिनो स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. कुतच्या शिपायाचा आकडा झाला, तर त्याच पलटणीतल्या कसिनोच्या शिपायाचं नाव राहिलं. मधे एकच पिढी गेली. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानं घाडग्यांच्या नावानं एक छायाघड्याळ उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरच्या ओळीचा अर्थ. ज्यांच्या डोंगरात आपला पोरगा पडला, त्यांनी ८० वर्षांनी त्याचं नाव आठवलं.

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबादची मंडळी म्हणतील, आमची माणसं तर संस्थानच्या फौजेत होती, मराठा रेजिमेंटच्या यादीत ती सापडत नाहीत. बरोबर आहे. संस्थानं विलीन झाल्यावर त्यांच्या पलटणी भारतीय सैन्यात मिसळल्या आणि त्यांना नवे नंबर मिळाले. ग्वाल्हेर आणि इंदूरच्या पलटणी कुमाऊं रेजिमेंटमध्ये १४ आणि १५ व्या झाल्या, नावापुढं कंसात ग्वाल्हेर, इंदूर राहिलं. कोल्हापूर, बडोदे आणि हैदराबादच्या पलटणी मराठा लाइट इन्फंट्रीत १९, २० आणि २२ व्या झाल्या. म्हणजे ग्वाल्हेरच्या मराठी घरातला आजोबा कागदोपत्री पहाडी रेजिमेंटमध्ये सापडू शकतो. "आजोबा शिंदे सरकारच्या फौजेत होते" एवढंच सांगून थांबलात तर पुढची वाट मिळणार नाही. पलटणीचा जुना नंबर, नवा नंबर, दोन्ही हवेत.

स्वातंत्र्यानंतरचं तुम्हा-आम्हाला जवळचं आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यासाठी फौजा गोळा झाल्या त्या बेळगावात. रात्रंदिवस ट्रकांच्या रांगा बघितलेली माणसं अजून आहेत. १८ तारखेला ५० पॅरा ब्रिगेड गोव्यात शिरली, तिच्यात २ पॅरा होती. उसगावमार्गे फोंड्याकडं गेलेली ही पलटण म्हणजे कुतची ११० वी आणि इटलीची तीन-पाच. गोव्यातल्या आमच्या सोयऱ्यांच्या गावात आलेले हे शिपाई मराठी बोलत होते, त्याचं त्या लोकांना केवढं अप्रूप! दहा वर्षांनी, ११ डिसेंबर १९७१ ला, हीच पलटण बांगलादेशात टांगाईलला विमानातून उतरली, पूल ताब्यात घेतला आणि १६ तारखेला ढाक्यात शिरली. त्याच आठवड्यात जमालपूरला जंगी पलटणीनं पाकिस्तानच्या ३१ बलुचची वाट अडवून धरली होती. शरण या, असं पत्र पाठवलं तर तिथल्या पाकिस्तानी कमांडरनं उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री ते फोडून बाहेर पडायला आले आणि जंगी पलटणीच्या माऱ्यात सापडले.

आज दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, २५ फेब्रुवारी २०१९ पासूनचं. स्वातंत्र्यानंतर पडलेल्या २५,००० हून अधिक जवानांची नावं तिथं एकेका ग्रॅनाइटच्या विटेवर आहेत. नाव, हुद्दा, पलटण. शिपाई असो वा अधिकारी, वीट तेवढीच. 'इतर इतके' असं तिथं कुणी नाही. बसऱ्यापासून इथवर यायला शंभर वर्षं लागली.

पण मंडळी, स्मारकं सगळी मेलेल्यांची. जे जिवंत परत आले त्यांचं काय? आपल्या घरातली बहुतेक माणसं परत आलेलीच आहेत. सतरा-अठरा वर्षं नोकरी करून, पेन्शन घेऊन, चावडीजवळ बसून पेपर वाचत, तालमीतल्या पोरांना पळायला लावत त्यांनी उरलेलं आयुष्य काढलं. त्यांचं नाव कुठल्याच दगडावर येणार नाही. ते फक्त डिस्चार्ज बुकात, पीपीओवर आणि पदकाच्या कडेवर आहे.

आणि बायका? पहिल्या महायुद्धात नवरा गेला तेव्हा आमची थोरली पणजी विशीतही नव्हती. तिनं पुढं दीर, नणंदा आणि पुतणे सांभाळले आणि पेन्शनच्या पैशावर दोन दुष्काळ काढले. सात-बाऱ्यावर तिचं नाव नाही, आमच्या कुळाच्या वंशावळीत नाही, कारण त्यात बायका लिहीतच नाहीत. तिचं नाव उभ्या जगात एकाच कागदावर आहे : विधवा पेन्शनचा कागद. खाली अंगठा. त्या कागदाशिवाय आज आम्हाला तिला कोणत्या नावानं हाक मारायची तेही कळलं नसतं. पलटणीतल्या घरांचा मान करायचा तर यादीत या बायकाही हव्यात. मनिऑर्डरच्या तारखेवर संसार रेटणं हीसुद्धा नोकरीच होती.

आता पुढची पिढी. मराठा सेंटरला रंगरुटांची शपथ-परेड होते तेव्हा आई-बापांना गौरव पदक देतात. खेड्यातनं आलेला, धोतर-टोपीतला बाप छातीवर ते पदक लावून घेतो तेव्हा बघणाऱ्याचेही डोळे भरतात. २०२२ पासून भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षांची नोकरी, नंतर चारांतला जास्तीत जास्त एक कायम. बाकीचे तिघे पेन्शनशिवाय घरी. हे बरं की वाईट यावर आपल्या घराघरांत बोलणं चालू आहे, ते चालू दे. पण आज्जांची पेन्शन होती म्हणून त्यांचे कागद जपले गेले, हे विसरू नका. चार वर्षांनी परतलेल्या पोराच्या ट्रंकेतले कागद कुणी जपून ठेवणार नाही, कारण त्यांच्यावर पैसे मिळणार नाहीत. त्याची चार वर्षंही नोकरीच आहे. तीही वहीत आली पाहिजेत.

म्हणून सांगतो, वही करा. साधी शंभर पानी. पहिल्या महायुद्धाची पदकं घरात असतील तर ती चकचकीत घासू नका, आधी कड वाचा. तिथं नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दुसऱ्या महायुद्धाच्या हिंदी शिपायांच्या पदकांवरही बहुधा असते. गेलेल्या माणसाचं नाव कॉमनवेल्थ आयोगाच्या यादीत शोधा. तिथं पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही मिळतो. फक्त साहेबानं ऐकून लिहिलेलं इंग्रजी स्पेलिंग असतं, तेव्हा विठू, राऊजी, बाबाजी कसकसे लिहिले असतील ते डोकं लढवून बघा. जुना जिल्हाही लक्षात ठेवा : रायगड तिथं कुलाबा आहे, आणि आपण मुंबई इलाख्यात आहोत. मराठा पलटणींचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. तिथं अर्ज करायचा तर सर्व्हिस नंबर लागतो, नुसत्या आडनावावर काम होत नाही. आज्जीला, आत्याला विचारा. तारखा त्यांना सांगता येणार नाहीत, पण भाकरी का मोजायची नाही, अमुक दिवशी गोडधोड का करायचं नाही, हे त्याच सांगतील. तेही लिहा. नावं मराठीत लिहा आणि कागदावर जशी आहेत तशी इंग्रजीतही लिहा. आपल्या सीमाभागात तर एकाच माणसाचं नाव मोडीत एक, इंग्रजीत दुसरं, कानडीत तिसरं. नातवंडांना ती एकाच माणसाची आहेत हे कळलं पाहिजे.

आमच्याकडं पितृपक्षात म्हाळ घालतात. बाप, आजा, पणजा अशी तीन नावं घेतात, आणि जी आठवत नाहीत त्यांच्यासाठी 'ज्ञात-अज्ञात' म्हणून एक घास ठेवतात. गेल्या तीन वर्षांपासून आमच्या घरी बसऱ्याला राहिलेल्या थोरल्या पणजोबांचं नाव घेतात, आणि त्यांच्या मागोमाग थोरल्या पणजीचं. 'अज्ञात'मधली दोन माणसं कमी झाली. तुमच्याही घरात अशी कुणी असतील. यंदाच्या म्हाळाला अजून वेळ आहे, ट्रंक उघडा.